पत्ता शेवटी लिहा: टर्मिनलवरच्या मेलमध्ये टू, सीसी आणि बाकीचे हेडर

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी संस्थेच्या ऑफिसात जुना लिनक्स सर्व्हर आहे. तुम्ही घरून एसएसएचने (दूरच्या कंप्युटरवर लॉगिन करून देणाऱ्या प्रोग्रामने) त्यावर जाता आणि 'मेल' ही आज्ञा देऊन सभासदांना पत्रं पाठवता. अर्धं पत्र लिहून झाल्यावर लक्षात येतं की पत्ता चुकलाय किंवा खजिनदारांना सीसी करायचं राहिलंय. मग कंट्रोल-सी दोनदा दाबून सगळं पहिल्यापासून. कोणीतरी सांगितलं की टिल्ड (~) दाबून काहीतरी करता येतं, पण टिल्ड दाबलं तर ते स्क्रीनवर उमटतच नाही आणि एकदा तर कनेक्शनच तुटलं. शिवाय गणपतीच्या मांडवाच्या साउंडवाल्याबद्दल एकालाच लिहायचं उत्तर 'आर' दाबल्यामुळे सगळ्या कार्यकारिणीला गेलं. हे सगळं पत्र न टाकता कसं सुधारायचं?

आधी एक सोय. आज्ञांमधली अक्षरं मी इथे नागरीत लिहितोय, तुम्ही कीबोर्डवर त्या नावाचं रोमन अक्षर दाबा. मोठं अक्षर हवं असेल तिथे तसं सांगेन, एरवी लहानच.

पत्र लिहीत असताना नव्या ओळीच्या अगदी सुरुवातीला टिल्ड आणि त्याला चिकटून एक अक्षर दिलं, की मेल प्रोग्राम ती ओळ मजकूर न समजता आज्ञा समजतो. ही पद्धत १९७८ साली बर्कलीत लिहिलेल्या मेल प्रोग्रामपासून चालत आलीय आणि आजही जवळजवळ तशीच आहे. टिल्डच्या आधी एक स्पेस जरी पडली तरी ती ओळ पत्रात जाते. सभासदाला पत्राच्या मधोमध '~सी' आणि खजिनदारांचा पत्ता वाचायला मिळतो.

तुमच्या कामाची अक्षरं मोजकी आहेत. ~टी आणि पुढे पत्ता दिला की तो टू मध्ये जोडला जातो. ~सी ने सीसी मध्ये, ~बी ने बीसीसी मध्ये. ~एस आणि पुढे मजकूर दिला की विषय बदलतो. इथे एक फरक नीट ध्यानात ठेवा: टी, सी आणि बी हे जोडतात, तर एस जुना विषय पुसून नवा ठेवतो. चुकीचा पत्ता टाकल्यावर ~टी ने बरोबर पत्ता दिला की चूक सुधारली, असं वाटून बरेच जण निर्धास्त होतात. पत्र दोघांनाही जातं.

काढायचं असेल तर ~एच. हे तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. ओळीच्या सुरुवातीला ~एच देऊन एंटर दाबा. प्रोग्राम एकेक हेडर, म्हणजे पत्राच्या वरची टू, विषय, सीसी अशी ओळ, समोर आणतो. आधी टू आणि त्यापुढे आत्ताचे पत्ते, कर्सर शेवटच्या अक्षरानंतर. बॅकस्पेसने मागे येत हवा तो पत्ता खोडायचा, नवा टाइप करायचा, एंटर. सगळीच ओळ नको असेल तर कंट्रोल-यू, एका दमात साफ. मग विषय, मग सीसी, मग बीसीसी (हा क्रम प्रोग्रामनुसार पुढेमागे होतो). जे बदलायचं नाही तिथे नुसता एंटर. चारही ओळी संपल्या की तुम्ही पुन्हा पत्राच्या मजकुरात, जिथे होतात तिथेच. मधे काही हललेलं नसतं.

आणि मग ~पी. हे केल्याशिवाय पत्र सोडायचं नाही, असं मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला सांगत आलोय. ~पी दिलं की आत्तापर्यंतचं पत्र हेडरसकट समोर येतं आणि खाली कंसात 'कंटिन्यू' असं दिसतं, म्हणजे लिहीत राहा. टू मध्ये किती नावं, सीसी मध्ये कोण, बीसीसी रिकामी आहे की नाही, हे तिथे वाचायचं. मजकूर वाचला नाही तरी चालेल, नावं वाचा.

आता ते न दिसणारं टिल्ड. त्यात मेल प्रोग्रामचा दोष नाही. तुम्ही एसएसएचमधून बसलाय, आणि एसएसएचलाही ओळीच्या सुरुवातीचं टिल्ड स्वतःसाठी हवं असतं. ते येताच एसएसएच ते अडवून ठेवतो आणि पुढचं अक्षर कोणतं येतंय याची वाट बघतो, म्हणून ते स्क्रीनवर दिसत नाही. पुढचं अक्षर टी, सी, बी, एस, एच किंवा पी असेल तर त्याला त्यात रस नसतो, तो दोन्ही अक्षरं पलीकडे पाठवून देतो आणि काम होतं. पण काही अक्षरं एसएसएचची स्वतःची आहेत. टिल्ड आणि टिंब म्हणजे कनेक्शन तोडा. तुम्ही कुठेतरी वाचलं असणार की ~ आणि टिंब दिलं की पत्र संपतं. मेलपुरतं ते खरंही आहे, पण ती आज्ञा मेलपर्यंत पोचलीच नाही. वाटेतच एसएसएचने ऐकली आणि दार लावून घेतलं. टिल्ड आणि प्रश्नचिन्ह दिलं की मदत मेलची मागताय आणि मदत येते एसएसएचची. सगळ्यात फसवं म्हणजे ~व्ही: मेलमध्ये त्याचा अर्थ पत्र एडिटरमध्ये उघडा, पण गेल्या काही वर्षांतल्या एसएसएचमध्ये त्याचा अर्थ चुकांचे संदेश जास्त सविस्तर दाखवा. एडिटर काही उघडत नाही आणि माणूस म्हणतो, आपला एडिटर व्हीआय बिघडला.

उपाय सोपा. एसएसएचमधून अशी आज्ञा द्यायची असेल तर टिल्ड दोनदा दाबा, मग अक्षर. पहिलं एसएसएच खातो, दुसरं मेलला मिळतं. कायमची सुटका हवी असेल तर जोडणी करतानाच एसएसएचला हायफन-ई आणि पुढे 'नन' असं द्या, की तो टिल्डकडे बघणारच नाही. मग मात्र अडकलेलं कनेक्शन टिल्ड-टिंबाने तोडता येणार नाही. मी स्वतः दोनदा दाबायची सवय ठेवलीय, बोटांना आता कळतं. पत्र संपवायला कंट्रोल-डी वापरा, नव्या ओळीवर. त्यात कोणाची लुडबूड नाही.

कंट्रोल-सी दोनदा दाबून तुम्ही जी पत्रं मारली ती बहुतेक अजून तिथेच असतील. पहिल्या कंट्रोल-सीला प्रोग्राम बजावतो की अजून एकदा दाबलंत तर पत्र गेलं. दुसऱ्याला तो मजकूर होम डिरेक्टरीत 'डेड डॉट लेटर' या फाइलमध्ये ठेवतो. नवं पत्र सुरू करून ~डी दिलं की तो मजकूर जसाच्या तसा आत येतो. म्हणजे सगळं पहिल्यापासून लिहायची गरज तेव्हाही नव्हती. ~क्यू नेही पत्र टाकता येतं, तेही डेड लेटरमध्ये ठेवून. ~एक्सने टाकलं तर काहीच उरत नाही.

साउंडवाल्याच्या प्रकरणावर जरा थांबतो, कारण हा घाव मीही खाल्लाय. या जुन्या मेल प्रोग्राममध्ये लहान आर म्हणजे पाठवणाऱ्याला आणि बाकी सगळ्या पत्त्यांनाही उत्तर. मोठा आर म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला. बहुतेकांच्या मनात उलटं असतं, कारण मट नावाच्या प्रोग्राममध्ये लहान आर म्हणजे एकालाच आणि सगळ्यांना उत्तर द्यायला जी. त्यात भर म्हणजे 'रिप्लाय-ऑल' नावाचा एक व्हेरिएबल आहे, जो लावला की लहान आणि मोठ्या आरचे अर्थ अदलाबदल होतात, आणि तो एखाद्या सर्व्हरवर कोणी आधीच लावून ठेवलेला असतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कारखान्याच्या ऑफिसात काम करत असताना खरेदी विभागाच्या पत्राला लहान आर दाबून उत्तर दिलं, 'याचा दर जास्त आहे, दुसऱ्याकडून मागवा.' सीसी मध्ये अकरा नावं होती आणि त्यातलं सातवं नाव त्याच पुरवठादाराचं. दुपारी तो स्वतः आला, हातात सेव-उसळीचा डबा घेऊन, आणि म्हणाला, साहेब, दराबद्दल बोलूया. डबा मी खाल्ला. पण त्या दिवसापासून उत्तर लिहायच्या आधी ~पी, आणि पाठवायच्या आधी पुन्हा ~पी.

यावरून मी एक सवय लावून घेतली, तीच तुम्हाला सांगतो. पत्र सुरू करताना टू मध्ये स्वतःचं युजरनेम द्या. मेलला कोणाचं तरी नाव हवं असतं, ते तुमचंच असू दे. मजकूर लिहा, वाचा, सुधारा. शेवटी ~एच देऊन स्वतःचं नाव खोडा आणि खरी नावं घाला, मग ~पी, मग कंट्रोल-डी. मधेच बोट घसरून पत्र गेलंच तर ते तुमच्याच पेटीत येऊन पडतं. उत्तर देतानाही हेच करता येतं: आर दाबल्यावर लगेच ~एच, टू आणि सीसी कंट्रोल-यूने साफ, स्वतःचं नाव, आणि मग लिहायला बसा. पत्ता शेवटी. टपालाच्या काळात लोक आधी पाकिटावर पत्ता लिहून ठेवायचे, इथे तसं करू नये.

पाकिटाचा विषय निघालाच आहे तर बीसीसीबद्दल. लग्नपत्रिकेच्या आत काय छापलंय आणि पाकिटावर कोणाचा पत्ता आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. पोस्टमन पाकीट बघतो, आत काय छापलंय ते बघत नाही. ईमेलमध्येही तसंच. टू आणि सीसी हे पत्राच्या आत छापलेले हेडर, आणि सर्व्हर एकमेकांना पत्र देताना पाकिटावरचे पत्ते वेगळे सांगतात. बीसीसीचा माणूस फक्त पाकिटावर असतो, म्हणून त्याला पत्र मिळतं आणि बाकीच्यांना तो दिसत नाही. मात्र बीसीसीची ओळ वाटेत कोणीतरी काढून टाकावी लागते. ते काम कधी मेल प्रोग्राम करतो, कधी त्यामागचा सर्व्हर, आणि दोघांनी एकमेकांवर सोडलं तर ती ओळ सगळ्यांना दिसते. नव्या सर्व्हरवर बीसीसी वापरण्याआधी एक चाचणी करा: टू मध्ये तुमचा एक पत्ता, बीसीसीत तुमचाच दुसरा, आणि पहिल्या पेटीत आलेल्या पत्राचे संपूर्ण हेडर उघडून वाचा. दोन मिनिटांचं काम आहे. सभासदांची यादी कधीही टू मध्ये टाकू नका, अडीचशे लोकांचे पत्ते अडीचशे लोकांना वाटल्यासारखं होतं.

एडिटरमध्ये हेडर बदलायला आवडत असेल तर तेही होतं. ~व्ही ने (एसएसएचमधून दोन टिल्ड!) एरवी फक्त मजकूर उघडतो. पण तुमचा मेल प्रोग्राम हेअरलूम मेलएक्स किंवा एस-नेल या प्रकारचा असेल तर होममधल्या 'डॉट मेलआरसी' फाइलमध्ये 'सेट एडिटहेडर्स' अशी ओळ घाला, मग वर हेडर आणि खाली मजकूर असं सगळं पत्र एडिटरमध्ये येतं. इथे दोनच पथ्यं. हेडर संपल्यावरची रिकामी ओळ पुसू नका, कारण हेडर कुठे संपले आणि पत्र कुठे सुरू झालं हे सांगणारी तीच एक खूण आहे. ती गेली तर तुमच्या पत्राची पहिली ओळ हेडर समजली जाऊ शकते. दुसरं, सीसीची लांब यादी पुढच्या ओळीवर गेली असेल तर त्या ओळीच्या सुरुवातीची स्पेस काढू नका. ती स्पेस म्हणजे 'मी वरच्याच ओळीचा भाग आहे' असं सांगणं. नीटनेटकं दिसावं म्हणून कोणी ती खोडतं आणि अर्धी कार्यकारिणी गायब होते.

आता मराठी विषय, कारण ही भानगड इंग्रजीत लिहिणाऱ्यांना नसते, आपल्याला असते. हेडरमध्ये मुळात फक्त साधी रोमन अक्षरं चालत, म्हणून देवनागरी विषय एन्कोड करून पाठवावा लागतो. हा नियम १९९६ पासून आरएफसी २०४७ या इंटरनेटच्या नियमपत्रात आहे. एन्कोड केलेला एक तुकडा जास्तीत जास्त ७५ अक्षरांचा असू शकतो. सुरुवातीची आणि शेवटची खूण वजा केली, बेस-६४ चा (३ बाइटची ४ रोमन अक्षरं करणाऱ्या पद्धतीचा) हिशोब केला, की आत ४५ बाइट मावतात, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. म्हणजे एका तुकड्यात फक्त १५ चिन्हं, आणि मात्रा, अनुस्वार, हलंत ही सगळी वेगळी मोजायची. 'वार्षिक सर्वसाधारण सभा' हा विषय एका तुकड्यात मावत नाही. चांगला प्रोग्राम तो बरोबर तोडतो आणि पलीकडे पुन्हा जोडला जातो, तुम्हाला कळतही नाही. तुमच्या सर्व्हरवर लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ नसेल, नुसतं सी असेल, तर मात्र रडगाणं. हेअरलूम मेलएक्स तेव्हा मराठी मजकुराला मजकूर समजतच नाही आणि सभासदाला पत्राऐवजी उघडता न येणारी एक बिन फाइल जोडलेली मिळते. आधी 'लोकेल' ही आज्ञा देऊन बघा. हा फोन मला वर्षातून दोनतीनदा येतोच: 'पत्र गेलं पण कोरं गेलं.'

~एचमध्ये मराठी विषय बॅकस्पेसने सुधारू नका. टर्मिनलला यूटीएफ-८ ची जाण नसेल तर एक बॅकस्पेस एकच बाइट खोडतो, तीन बाइटच्या अक्षराचे दोन बाइट मागे राहतात आणि पलीकडे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. जाण असली तरी मात्रा आणि अक्षर वेगवेगळे खोडले जातात, आणि स्क्रीनवरचा कर्सर एका जागी, खरी जागा दुसरीकडे. 'सभेची' मधली चुकलेली वेलांटी काढता काढता अख्खा शब्द बिघडतो. विषय बदलायचा तर ~एस देऊन पूर्ण नव्याने लिहा, आणि ~एचमध्ये विषयाच्या ओळीवर नुसता एंटर.

आज्ञा देतानाच हेडर द्यायचे असतील तर हायफन-एस ने विषय, हायफन-सी ने सीसी, हायफन-बी ने बीसीसी, हे बहुतेक ठिकाणी सारखं. पण हायफन-ए वर भांडण आहे. हेअरलूम आणि एस-नेलमध्ये ते फाइल जोडतं. डेबियन लिनक्सच्या बीएसडी मेलएक्समध्ये आणि जीएनयू मेलयूटिल्समध्ये ते जास्तीचं हेडर घालतं, आणि मेलयूटिल्समध्ये फाइल जोडायला मोठा ए. म्हणून दुसऱ्याच्या स्क्रिप्टमधली ओळ उचलण्याआधी 'मॅन मेल' उघडून आपल्याकडे कोणता प्रोग्राम आहे ते बघा. रेड हॅट लिनक्सच्या ८ पर्यंतच्या आवृत्त्यांवर बहुधा हेअरलूम असतो, ९ वर एस-नेल.

फ्रॉम हेडर बदलायचा मोह मात्र आवरा. तांत्रिकदृष्ट्या ते सोपं आहे, पण संस्थेच्या सर्व्हरवरून पत्र पाठवून फ्रॉममध्ये अध्यक्षांचा जीमेलचा पत्ता घातलात तर डीमार्कच्या तपासणीत (फ्रॉममधलं डोमेन खरंच पाठवणाऱ्याचं आहे का ते बघणाऱ्या) ते नापास होतं आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतं किंवा परत येतं. संस्थेच्या डोमेनचाच पत्ता फ्रॉममध्ये ठेवा आणि अध्यक्षांचा रिप्लाय-टू मध्ये घाला, म्हणजे उत्तरं त्यांच्याकडेच जातील. हेअरलूममध्ये ~ आणि मोठा एच दिला की फ्रॉम, रिप्लाय-टू वगैरे कमी लागणारे हेडर विचारले जातात.

हे सगळं रोज करणार असाल तर मट बसवून घ्या. लिहून झालं की तो पत्र पाठवत नाही, आधी एक पान दाखवतो: वर फ्रॉम, टू, सीसी, बीसीसी, विषय, खाली जोडलेल्या फाइली. तिथे टी दाबला की टू बदला, सी ने सीसी, बी ने बीसीसी, एस ने विषय, मोठ्या ई ने हेडरसकट सगळं एडिटरमध्ये. वाय दाबेपर्यंत काहीही जात नाही. 'एडिट_हेडर्स' (मधे अंडरस्कोर) आणि 'ऑटोएडिट' (एकच शब्द) दोन्ही चालू केले तर तो सुरुवातीला पत्ता विचारतच नाही, थेट लिहायला बसवतो. माझ्या सवयीला हे अगदी जमतं. आणखी एक: जुन्याच पत्राला उत्तर म्हणून नवा विषय सुरू करायचा असेल तर नुसता विषय बदलून भागत नाही, समोरच्याकडे ते जुन्याच साखळीत अडकतं. एडिटरमध्ये हेडर उघडून 'इन-रिप्लाय-टू'ची ओळ पूर्ण खोडा, मट बाकीचे धागेही तोडतो.

आणि पत्र गेल्यानंतर आठवलं तर? तुमच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स (पत्रं पुढे पोचवणारा प्रोग्राम) असेल आणि पलीकडचा सर्व्हर लगेच उचलत नसेल तर पत्र अजून रांगेत असू शकतं. 'मेलक्यू' दिलं की रांग दिसते, प्रत्येक पत्राचा क्रमांक डावीकडे. रूटचा (सर्व्हरच्या मुख्य खात्याचा) पासवर्ड ज्यांच्याकडे आहे त्यांना तो क्रमांक सांगा, ते 'पोस्टसुपर' ला हायफन-डी देऊन ते पत्र काढून टाकतील. रांग रिकामी दिसली तर साउंडवाल्याला फोन करा, आणि बोलणं दुपारच्या आत उरकून घ्या.